विरणारा स्वर : डूम मेटलमधील पियानो

डूम मेटल ही हेवी मेटलची सर्वांत संथ शाखा. खर्जात उतरवलेली गिटार, विलंबित लय आणि मृत्यू, विरह, श्रद्धाभंग यांसारखे विषय ही तिची ओळख आहे. या जड नादात पियानोच्या वाट्याला थोडी जागा येते. पण जिथे ती विचारपूर्वक दिली गेली, तिथे या संगीतातला करुण रस सर्वांत खोल उतरला आहे.

याचे कारण वाद्याच्या घडणीतच आहे. पियानोच्या तारेवर हातोडी पडते, स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. डिस्टॉर्शनमधून येणाऱ्या गिटारचे याच्या उलट असते. तिथे लहानमोठ्या आवाजातला फरक दाबला जातो आणि स्वर बराच वेळ जवळपास त्याच जोराने टिकतो. गावच्या भजनात पेटी ऐकलेल्या श्रोत्याला हा भेद सहज उमजेल. भात्यात हवा आहे तोवर पेटीचा स्वर धरून ठेवता येतो. पियानोचा येत नाही, तो या बाबतीत संतूरच्या जवळचा. लय जितकी संथ, तितके दोन आघातांमधले अंतर मोठे, आणि त्या अंतरात स्वराचे विझणे स्पष्ट ऐकू येते. गिटार दुःखाचा भार दाखवते, तर पियानो हरवत जाणे दाखवतो.

या वापराची मुळे डूमच्या उगमापाशीच सापडतात. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथने १९७० मध्ये पहिल्या अल्बमने या शैलीचा पाया घातला. १९७२ च्या ‘व्हॉल्यूम ४’ मधील ‘चेंजेस’ या गीतात त्यांनी गिटार पूर्णपणे बाजूला ठेवली. गिटारवादक टोनी आयोमी यांनी पियानो वाजवला आणि बेसवादक गीझर बटलर यांनी मेलोट्रॉन. ताटातुटीच्या त्या गीतात साध्या, पुनःपुन्हा येणाऱ्या स्वरसंगतीपलीकडे काही नाही. तोच त्याचा प्रभाव आहे. पुढे स्वीडनच्या कँडलमासने १९८७ च्या ‘नाइटफॉल’ मध्ये शोपँच्या पियानो सोनाटातील प्रसिद्ध शोकयात्रेची धून गिटारवर घेतली. पियानोसाठी रचलेला शोक डूमच्या अंगाला किती सहज बसतो, हे त्यातून दिसले.

निर्णायक पाऊल इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या माय डाइंग ब्राइडने टाकले. १९९२ च्या पहिल्या अल्बममधले ‘सिअर मी’ हे गिटारप्रधान गीत १९९३ च्या ‘टर्न लूज द स्वान्स’ मध्ये नव्या रूपात आले, तेव्हा त्यात मार्टिन पॉवेल यांचे कीबोर्ड, व्हायोलिन आणि गायन एवढेच उरले. अल्बम या गीताने उघडतो आणि ‘ब्लॅक गॉड’ या तशाच शांत रचनेने मिटतो. त्यामुळे मधली जड गीते दोन मौनांच्या मध्ये उभी राहतात. इथे पियानोचा नाद सजावट नसून संपूर्ण रचनेची चौकट आहे.

फिनलंडमध्ये थरगोथॉन (१९९४) आणि स्केप्टिसिझम (१९९५) यांच्या पहिल्या अल्बमांनी फ्युनरल डूम ही आणखी संथ उपशाखा रुजवली. तिने मात्र ऑर्गनसदृश, न विरणारे स्वर अधिक जवळ केले. बालगंधर्वांच्या नाट्यसंगीतात ऑर्गनची साथ गायकाचा स्वर सावरून धरते. फ्युनरल डूममध्ये तोच धरलेला स्वर गिटारच्या भिंतीमागे अवकाश उभा करतो. त्याने भव्यता येते, पण पियानोची एकाकी जवळीक त्यात नसते. फिनलंडच्याच स्वॅलो द सनने २०१५ मध्ये तीन भागांचा अल्बम काढून मधला भाग संपूर्णपणे शांत, ध्वनिक रचनांना दिला. जड आणि हळव्या बाजूंना समान वजन देण्याचा हा धाडसी प्रयत्न होता.

भारतात ही शैली मुख्यतः बंगळूरच्या डाइंग एम्ब्रेस आणि जिन अँड मिस्काटॉनिक यांसारख्या गटांनी जोपासली. त्यांचा भर गिटार आणि बेसवर आहे. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने कीबोर्डला मोठे स्थान दिले, पण त्यांचे संगीत वेगवान शाखेतले.

आज या वापराला साचेबद्धतेने घेरले आहे. आरंभी मायनर स्वरसंगती एकेक स्वर सोडत वाजवायची आणि मग गिटार कोसळू द्यायची, ही युक्ती अनेक अल्बमांत जशीच्या तशी येते. असा पियानो काढून टाकला तरी गीताचे काही बिघडत नाही. त्यात भर म्हणजे खऱ्या पियानोऐवजी सिंथेसायझरचा तयार नाद सर्रास वापरला जातो. मिश्रणात प्रतिध्वनी वाढवून त्याचे विरणेही लपवले जाते. म्हणजे ज्या गुणासाठी हे वाद्य घ्यायचे, तोच गुण हरवतो.

कसोटी त्यामुळे सोपी आहे. पियानो वगळल्यावर गीत कोलमडत असेल, तरच तो तिथे हवा होता. ‘चेंजेस’ आणि ‘टर्न लूज द स्वान्स’ या कसोटीला आजही पूर्ण उतरतात.