महाराणी ताराबाईचें धैर्य आणि तिचे चरित्रकार

महाराणी ताराबाईचें चरित्र तरुण वाचकांपुढें मांडण्याची एक ठरीव रीत आपल्याकडे पडून गेली आहे. राजाराम महाराज शके १६२१ च्या फाल्गुनांत, म्हणजे मार्च १७०० च्या आरंभीं, सिंहगडावर वारले. पंचवीस वर्षांची विधवा राणी हातीं समशेर घेऊन घोड्यावर बसली. तिनें औरंगजेबास सात वर्षें झुंजविलें. आणि १७०७ त बादशहा अहमदनगरास मरतांच चरित्रकारानें लेखणी खालीं ठेवली. पुस्तकावर बहुधा धुरंधरांच्या प्रसिद्ध चित्राची बरीवाईट नक्कल असते. हंबीरराव मोहित्यांची ही कन्या त्यानंतर आणखी चौपन्न वर्षें जगली व १७६१ च्या डिसेंबरांत साताऱ्यास वारली, ह्याचा पत्ता त्या बालवाचकास शेवटपर्यंत लागत नाहीं.

चित्रकारावर आमचा रोष नाहीं. त्याचें काम तो करतो. चरित्रकाराचें काम मात्र निराळें आहे. ताराबाईच्या धैर्याचा पुरावा कोठें आहे, असें विचारल्यास तो तरवारीच्या पात्यावर सांपडत नाहीं, तो शत्रूच्या दफ्तरांत सांपडतो. राजाराम महाराजांच्या मृत्यूची वार्ता येतांच बादशाही छावणींत आनंद झाला, दोन लहान मुलें व एक असहाय बाई ह्यांचा पाडाव करण्यास वेळ तो कितीसा, असें मोंगलांस वाटलें, ही हकीकत खाफीखान देतो. मराठ्यांविषयीं त्याच्या मनांत प्रेम नव्हतें. तरी पतीच्या हयातींतच राज्यकारभार व लष्करी व्यवहार ह्यांतील जाणतेपणाबद्दल हिचा लौकिक झाला होता, सरदारांचीं मनें तिनें आपलीं केलीं, तिच्या फौजा माळव्यांत सिरोंजपर्यंत जाऊन पोहोंचल्या, आणि बादशहाच्या साऱ्या मोहिमा चालू असतांही मराठ्यांचें बळ दिवसेंदिवस वाढतच गेलें, हें त्याला लिहावें लागलें. भीमसेन सक्सेना तर मोंगलांच्या चाकरींत राहून दक्षिणेंत वावरलेला. तिच्या हुकुमावांचून एकही मराठा सरदार हालत नसे, असा त्याचा अभिप्राय आहे. प्रतिपक्षाच्या तोंडून निघालेली अशी साक्ष हातीं असतां आमचे लेखक तिच्याऐवजीं कल्पित भाषणें कां घालतात, हें कोडेंच आहे.

किल्ल्यांचीच गोष्ट घ्या. १७०० त सातारा व परळी, १७०१ त पन्हाळा, १७०२ त विशाळगड, १७०३ त सिंहगड, १७०४ त राजगड व तोरणा, अशी बादशहाच्या विजयांची माळ दिसते. परंतु ह्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं महिनोन्महिने वेढा चालवून शेवटीं किल्लेदारास द्रव्य मोजावें लागलें. हल्ला चढवून घेतला असा म्हणण्यासारखा एक तोरणाच. विशाळगड हातीं आल्यावर पावसाळ्यांत पन्हाळ्याकडे परततांना सुमारे तीस मैलांच्या वाटेला बादशाही लष्करास अडतीस दिवस लागले. जितका काळ बादशहा डोंगरांत अडकून पडे तितका काळ नेमाजी शिंद्यासारखे सरदार नर्मदेपलीकडे मोकळे फिरत, आणि विकलेले किल्ले पुढें थोड्याच वर्षांत पुन्हां घेतले जात. पैसा घेऊन किल्ला सोडणें ही भित्रेपणाची गोष्ट वाटून लेखक ती गाळतात. आम्हांस तीच गोष्ट ह्या बाईच्या बुद्धीची सर्वांत मोठी खूण वाटते. प्रतिष्ठेचा एकेक गड जात असतां मन स्थिर ठेवणें हें घोडा फेंकण्याहून सोपें खास नव्हे.

दुसरी गाळलेली गोष्ट अधिक नाजूक आहे. वैधव्य आल्यावर लौकरच तिनें बादशहाकडे बोलणें लावलें होतें: मुलास सात हजारी मनसब व दक्षिणची देशमुखी मिळावी, आपण फौज चाकरीस देऊं व सात किल्ले सोडूं. बादशहानें सगळे किल्ले मागितले व बोलणें फिसकटलें. यदुनाथ सरकारांनीं हें उजेडांत आणल्यास कैक दशकें लोटलीं. ही कसोटीची वेळ पाहून केलेली चाल होती कीं खरोखरच शरण जाण्याची तयारी होती, ह्याविषयीं मतभेद होईल. आमचा कल पहिल्या बाजूस आहे, कारण त्याच सुमारास तिच्या फौजांचा उपद्रव थांबलेला दिसत नाहीं. पण मतभेद व्हावयास आधीं वाचकास ती गोष्ट सांगितली पाहिजे. विशीच्या आंतल्या मुलास ती पेलणार नाहीं, हा समज कोणीं काढला?

आतां ज्या प्रसंगासाठीं मुख्यत्वें हा लेख लिहिला त्याकडे वळूं. १७०७ च्या मे महिन्यांत शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटले. हा तोतया आहे असें ताराबाईनें जाहीर केलें, सरदारांकडून दूधभाताच्या शपथा घेवविल्या, आणि तरीही खेडच्या लढाईंत धनाजी जाधव शाहूकडे मिळाला. सातारा गेला. १७०८ त पन्हाळा व विशाळगडही गेले. ती रांगण्यावर असतां शाहूनें त्या गडास वेढा दिला, तेव्हां ती घाट उतरून मालवणास गेली. रांगण्याची वाट ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें उतरणें काय होतें तें सांगावयास नको: सह्याद्रीच्या ऐन कड्यावरून खालीं कुडाळ प्रांतांतील नारूर, आणि तेथून पश्चिमेस समुद्र. पावसानें शाहूचा वेढा उठविला. ती पुन्हां वर चढली आणि पन्हाळ्यास तिनें गादी उभी केली.

आमच्या चरित्रांतून मालवणचें हें पान जवळजवळ कायमचें फाटलेलें आहे. कारण उघड आहे. पळून जाणारी वीरांगना मुखपृष्ठावर शोभत नाहीं. शिवाय ह्या खेपेस समोर औरंगजेब नव्हता, सावत्र दिराचा मुलगा होता. परंतु धैर्य ह्या शब्दाला कांहीं अर्थ असेल तर तो १७०२ पेक्षां १७०८ त अधिक पारखतां येतो. १७०२ त तिच्यामागें सारें राज्य होतें. १७०८ त सेनापति गेला होता, राजधानी गेली होती, आणि सासऱ्यानें १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला त्या सिंधुदुर्गाच्या आसऱ्यास तिला यावें लागलें होतें. तेथून तिनें पुन्हां राज्य मांडलें.

हें लिहितांना तिच्या पक्षाचें समर्थन करावें असा आमचा हेतु नाहीं. ज्यास तिनें तोतया म्हटलें तो खरा शाहू होता. पुढें १७१४ त राजसबाईनें तिला व तिच्या पुत्रास कैदेंत घातलें. आणि वार्धक्यांत, स्वतःच नातू म्हणून पुढें आणलेल्या रामराजास १७५० त साताऱ्याच्या किल्ल्यांत अडकवून, १७५२ त जेजुरीस खंडोबापुढें तो आपला नातू नव्हे अशी शपथ तिनें वाहिली. दोनदां रक्ताचा माणूस परका ठरविणाऱ्या ह्या बाईचें धैर्य व तिचा हट्ट एकाच मुशींतले आहेत. आज जो मुलगा वा मुलगी तिच्यापासून स्फूर्ति घेऊं पाहील, त्याला ही मूस सबंध दिसूं द्यावी. अर्धी दाखविली तर तो पुढें मोठेपणीं मूळ कागद वाचील त्या दिवशीं चरित्रकारावरचा त्याचा विश्वास उडेल, आणि कदाचित् ताराबाईवरचाही.

जातां जातां एक गोष्ट. ह्याच सिंधुदुर्गाशीं कोल्हापूरच्या आणखी एका राणीचें नांव जोडलेलें आहे. संभाजी महाराजांमागें कारभार पाहणाऱ्या जिजाबाईच्या काळांत, १७६५ त, मुंबईकर इंग्रजांनीं हा जलदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं साडेतीन लाखांहून अधिक रुपये कबूल करून तिनें तो सोडवून घेतला. इंग्रजी ग्रंथांत तिची आठवण मुख्यत्वें मालवणच्या चांचेगिरीसाठीं राहिली, मराठी बालवाङ्मयांत तर तीही राहिली नाहीं.

डॉ. आप्पासाहेब पवारांनीं ताराबाईकालीन कागदपत्रें छापून मोठी वाट मोकळी केली आहे. चरित्रलेखकांनीं तीं खंडशः न पाहतां सबंध पाहावींत. संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं शके १६३० सर्वधारी संवत्सरांतील, अथवा सुहूर सन तिसा मया व अलफ घातलेला, मालवण, कुडाळ किंवा रांगण्याच्या मुलुखांतील एखादा मोडी कागद आपल्या रुमालांत असल्यास त्याची नक्कल शिक्क्यामोर्तबासह व मायन्यापासून निशाणीपर्यंत पुरी करावी. भात, मीठ, होड्या व शिबंदी ह्यांच्या मागण्यांचे कागद क्षुल्लक म्हणून बाजूस टाकले जातात. १७०८ च्या पावसाळ्यांतला असा एक कागद हातीं आला, तर ती बाई मालवणास किती माणसांनिशीं उतरली व कशावर तगली, हें आपणांस कळेल.