नाव न सांगणारा माणूस आणि नाव असलेले आपण

पोलादपूरकडून रोज एस.टी.ने महाडला शिकायला येणारा नववीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. आदल्या रात्री त्याने मोबाईलवर 'अ वेन्सडे' पाहिला होता. चित्रपट त्याला फार आवडला होता, पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने हळूच विचारले, "सर, तो माणूस आपला होता की त्यांचा?"

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडतो, आणि तोही दबक्या आवाजात विचारावासा वाटतो. म्हणूनच हा चित्रपट पुन्हा तपासून पाहावा असे मला वाटले.

नीरज पांडे यांचा हा पहिला चित्रपट ५ सप्टेंबर २००८ रोजी प्रदर्शित झाला. पहिल्या चित्रपटासाठी दिग्दर्शकाला मिळणारा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. एका बुधवारी दुपारी मुंबईच्या पोलीस आयुक्तांना एक अनोळखी फोन येतो. शहरात बॉम्ब ठेवले आहेत, कोठडीतले चार अतिरेकी माझ्या हवाली करा, अशी मागणी होते. फोन करणारा (नसिरुद्दीन शहा) अतिरेक्यांचा साथीदार असावा असेच आपण समजत राहतो. प्रत्यक्षात त्याला त्या चौघांना ठार करायचे असते. तिघे स्फोटात मरतात. चौथ्याला पोलिसांनीच मारावे असा तो हट्ट धरतो आणि पोलीस तो पुरा करतात. आपण कोण आहोत असे विचारल्यावर तो स्वतःला एक सामान्य माणूस म्हणवतो. शेवटी आयुक्त (अनुपम खेर) सांगतात की त्याने मला नाव सांगितले, पण ते मी सांगणार नाही, कारण लोक नावात धर्म शोधतात.

या शेवटाचे सर्वांनीच कौतुक केले. मीही केले होते. दिग्दर्शकाने धर्माचे लेबल काढून टाकले म्हणून बरे वाटले होते. आज तितके बरे वाटत नाही. का, ते सांगतो.

आधी चित्रपटाचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्यातली भीती खरी आहे. जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतरच्या माणसाची ती भीती आहे. बायको पुन्हा पुन्हा फोन करते, ते जेवलात का हे विचारायला नव्हे, जिवंत आहात ना हे पाहायला. रोज डब्यात भेटणारा तरुण एक दिवस दिसत नाही आणि पुन्हा कधीच दिसत नाही. इतकेच नव्हे, दाढी ठेवताना, टोपी घालताना, दुकानाच्या पाटीवर नाव लिहिताना माणूस दहादा विचार करतो, हेही तो माणूस बोलून दाखवतो. हिंदी पडद्यावर आपल्या मनातली ही भीती कोणी इतक्या सरळ शब्दांत क्वचितच सांगितली असेल.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मी महाडमध्ये होतो, शाळकरी वयाचा. पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये अकरा मिनिटांत स्फोट झाले. माझे मामू रोज त्याच मार्गाने चर्चगेटहून घरी जात. अम्मीला घेऊन मी बाजारातल्या एस.टी.डी. बूथवर गेलो. तिथे आधीच रांग होती. कुणाचा मुलगा परळला, कुणाचा भाऊ जोगेश्वरीला, कुणाचा नवरा मीरा रोडला. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर मुंबईत माणूस नाही असे घर सापडत नाही. रांगेत मोहल्ल्यातल्या बायका होत्या, तशा शेजारच्या आळीतल्याही होत्या. लाईन लागत नव्हती. मामू रात्री उशिरा पायी घरी पोहोचले, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. त्या रांगेत कोणी कोणाला नाव विचारले नव्हते. नावे सुरू झाली ती काही दिवसांनी, वर्तमानपत्रांत अटकेच्या बातम्या येऊ लागल्यावर.

आता चित्रपटाच्या मूळ दोषाकडे येतो. त्या सामान्य माणसाचा राग कशावर आहे? गुन्हा सिद्ध करायला दहा-दहा वर्षे लागतात, यावर. कोठडीतले चौघे अतिरेकी आहेत याबद्दल त्याला शंका नाही, आयुक्तांना नाही, आणि पटकथेने ते पडद्यावरच कबूल करवून घेतल्यामुळे प्रेक्षकालाही नाही. पोलिसांनी माणसे बरोबर पकडली आहेत, फक्त न्यायालय वेळ लावते आहे, असे एकदा गृहीत धरले की उरलेली गोष्ट सोपी होते. घरात शिरलेले झुरळ मारायला कोणी खटला भरत नाही, हा त्याचा युक्तिवाद मग टाळ्या मिळवतो.

वास्तवात काय घडले? ज्या लोकल स्फोटांवर ही कथा उभी आहे, त्यात १८० हून अधिक माणसे मेली. तेरा जणांवर खटला चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. या निकालाचा इतर खटल्यांत दाखला घेता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी दिला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. तेरावे आरोपी अब्दुल वाहिद शेख २०१५ मध्येच निर्दोष सुटले होते, नऊ वर्षे तुरुंगात काढून. ते माझ्यासारखेच शिक्षक. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मरणारे मुसलमान, आणि पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. त्यांच्यावरचे आरोप २०१६ मध्ये न्यायालयाने काढून टाकले. मालेगावच्याच भिक्कू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी सहा जण मेले. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी सुटले.

जुलै २०२५ च्या दहा दिवसांत दोन मोठे निकाल लागले. दोन्हींत आरोपी सुटले आणि दोन्हींत मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळाले नाही. आता कल्पना करा, 'अ वेन्सडे'मधल्या त्या माणसाने २००८ साली खऱ्या तुरुंगातून चार जण मागून घेतले असते, तर कोण त्याच्या हाती पडले असते? कदाचित एखादा शाळामास्तर.

सरकार अपयशी ठरते म्हणजे नेमके काय होते, याचा धडा आम्हा रायगडकरांना दुसऱ्या कोणी द्यायला नको. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसांचा जीव घेणारी स्फोटके आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरली होती. ती उतरली कशी? कायदा मवाळ होता म्हणून नव्हे. लाच घेऊन डोळेझाक केल्याबद्दल कस्टमचे अधिकारी आणि पोलीस पुढे खटल्यात दोषी ठरले. ज्यांनी ती आणली त्यांत आपल्याच जातभाईंची नावे होती, हेही आपण लपवण्याचे कारण नाही. दुसरे उदाहरण दहशतवादाचे नाही, पण कारभार तोच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने त्यात गेली. काही महिन्यांपूर्वीच तपासणी होऊन तो पूल वाहतुकीस योग्य ठरला होता. तेव्हाही आम्ही नदीकाठी तसेच उभे होतो, जसे २००६ मध्ये बूथवर उभे होतो.

एका ठिकाणी लाच, दुसऱ्या ठिकाणी कागदावरची निष्काळजी तपासणी. सरकार हरते ते असे. चित्रपट मात्र सांगतो की सरकार हरते कारण ते फार नियमाने चालते. निदान बरोबर नसेल तर औषध कसे लागू पडणार?

आणखी एक प्रसंग पाहा. चौथ्या अतिरेक्याला ठार करण्याचा हुकूम आयुक्त उघडपणे देत नाहीत, सूचित करतात. गोळी घालतो तो आरिफ खान नावाचा मुसलमान अधिकारी. मग ते स्वसंरक्षणात घडले असा देखावा उभा केला जातो. चित्रपटगृहात या देखाव्याला टाळ्या पडल्या. ज्या खोट्या चकमकीची भीती आपल्या तरुणांच्या आई-बापांना रात्री झोपू देत नाही, तीच इथे न्याय म्हणून समोर येते. शिवाय चांगल्या मुसलमानाने आपले चांगुलपण गोळी झाडूनच सिद्ध करावे, ही हिंदी चित्रपटाची जुनी अट इथेही सुटलेली नाही. नसिरुद्दीन शहांच्या माणसाला नाव लपवण्याची सवलत आहे. आरिफला ती नाही.

याच वर्षी, दोनच आठवडे आधी, निशिकांत कामत यांचा 'मुंबई मेरी जान' आला होता. विषय तोच, २००६ चे लोकल स्फोट. त्याला 'अ वेन्सडे'इतके यश मिळाले नाही, पण मला तो अधिक मोठा वाटतो. त्यातला तरुण सुरेश (के. के. मेनन) प्रत्येक दाढीवाल्याकडे संशयाने पाहतो. इरफान खानचा गरीब कॉफीवाला मॉलमध्ये झालेल्या अपमानाचा सूड म्हणून बॉम्बच्या खोट्या अफवा पसरवतो, आणि त्यात एका वृद्धाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा हादरून जातो. निवृत्तीला आलेला हवालदार तुकाराम पाटील (परेश रावल) आयुष्यभर आपल्या हातून काहीच झाले नाही ही खंत घेऊन रात्रीची गस्त घालतो, आणि सुरेशला चार शब्द सुनावतो ते वडीलधाऱ्याच्या मायेने. इथे कोणीही कोणाला मारून मोकळा होत नाही. भीती माणसाला कशी लहान करते आणि त्यातून तो हळूहळू कसा बाहेर येतो, एवढेच कामत दाखवतात. 'डोंबिवली फास्ट'मध्ये संतापलेल्या माधव आपटेला रस्त्यावर उतरवणाऱ्या दिग्दर्शकाने तीन वर्षांनी या जागी पोहोचावे, ही त्याची वाढ आहे.

इथवर दुसऱ्यांचे दोष काढले. आता आपल्याकडे वळू. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण मराठीत आपले दुःख मांडत आलो आहोत. संशयाचे, अपमानाचे, निष्ठेचा दाखला मागितला जाण्याचे. ते मांडलेच पाहिजे. वाहिद शेख यांनी तुरुंगात उर्दूत लिहिलेले 'बेगुनाह कैदी' आपल्या प्रत्येक वाचनालयात असायला हवे. परंतु आपल्या कथा-कवितांत स्फोट बहुधा अटकेपासून सुरू होतो. डब्यात बसलेला, घामाघूम झालेला, घरी पोहोचू की नाही या विचारात असलेला मुसलमान प्रवासी आपल्या लेखनात जवळजवळ दिसत नाही. एस.टी.डी. बूथवरची माझी अम्मी दिसत नाही. आपण आरोपी म्हणून लिहितो, निषेधाचे पत्रक काढणारे म्हणून लिहितो. भ्यालेला नागरिक म्हणून लिहिताना आपला हात अडखळतो.

यामुळे नुकसान आपलेच होते. बारा जण सुटले तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत समाधान व्यक्त झाले, ते योग्यच होते. पण मग त्या लोकलमध्ये बॉम्ब ठेवले कोणी, हा प्रश्न आपण किती मोठ्याने विचारला? १८० घरांच्या वतीने तो सर्वांत आधी आपण विचारायला हवा होता. निर्दोषांना डांबले गेले याचा दुसरा अर्थ खरे गुन्हेगार मोकळे राहिले असा होतो, आणि ते मोकळे असतील तर उद्याच्या लोकलमध्ये आपलाही मामू असणार आहे. सरकारच्या अपयशावर रागावण्याचा हक्क फक्त नाव लपवणाऱ्या सामान्य माणसाला नाही. तो नाव असलेल्या आपल्यालाही आहे, आणि तो आपण आपल्या नावानिशी, मराठीत, वापरला पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला मी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात २००६ ची ती बूथवरची रांग सांगितली. मग म्हणालो, तुमच्या घरात त्या दिवशी कोण कोणाची वाट पाहत होते, हे अब्बा-अम्मीला विचारा आणि एक पान लिहून आणा. सदतीस मुलांपैकी एकोणतीस जणांनी लिहून आणले. पोलादपूरच्या त्या मुलाच्या पानावर त्याच्या चाचांचे नाव होते आणि त्यांच्यासोबत दादरपासून चालत आलेल्या शेजाऱ्याचेही. दोन्ही नावे त्याने पूर्ण लिहिली होती.