शिकवलेलं बोलणं: कांदळवन, गावकरी आणि आपला डेटा

खाडीकाठच्या गावात कांदळवनाचा प्रकल्प आला की रोपवाटिका, लागवड, देखरेख हे सगळं येतंच. हल्ली त्यासोबत आणखी एक गोष्ट येते: गावकऱ्यांना चारचौघांत बोलायचं ट्रेनिंग. पाहुण्यांना काय सांगायचं, माईकवर कसं उभं राहायचं, गावाची गोष्ट थोडक्यात कशी मांडायची, वगैरे. आपण फिल्डवर्कला गेलो की पहिल्यांदा पुढे येतात ती बहुतेकदा हीच तयार झालेली माणसं. त्यामुळे हे ट्रेनिंग हा आपल्याही अभ्यासाचा विषय आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: यात यशाबद्दल बोलायला शिकवतात, पुनर्लागवडीला खरी गरज असते ती अपयशाबद्दल बोलता येण्याची.

आधी जमेची बाजू. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, झाडांची ओळख करून देतात. त्यामागे यूएनडीपीचा सिंधुदुर्ग प्रकल्प आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष यांचा आधार होता. अनोळखी माणसांसमोर ठामपणे बोलणं आणि त्याचे पैसे मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. ‘गावकऱ्यांना शिकवूच नका, त्यांचं मूळचं बोलणंच खरं’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कुणालाच शिकवलं नाही तर गावाच्या नावाने आधीपासून बोलत आलेला पुढारीच बोलत राहतो.

मग अडचण कुठे आहे? श्रीलंकेचं उदाहरण बघा. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे मोठ्या प्रमाणावर कांदळवनं लावली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ ठिकाणं तपासली, त्यातल्या ९ ठिकाणी एकही रोप जगलेलं नव्हतं. एकूण लागवड १,००० ते १,२०० हेक्टर, त्यातली यशस्वी २०० ते २२०. कारणं साधीच होती: जागा चुकीची, पाण्याच्या पातळीचा हिशोब नाही, नंतरची देखभाल नाही. आता कुठल्या चिखलावर उधाणाचं पाणी किती वेळ थांबतं आणि भांगाच्या वेळी कुठवर पोचतं, हे खाडीत जाळं टाकणाऱ्याला पाठ असतं. पण ट्रेनिंगचा नेहमीचा साचा बघा: कार्बन, वादळापासून संरक्षण, जैवविविधता. तिवर आणि चिप्पी यांची शास्त्रीय नावं माणूस शिकतो. ‘इथे रोप टिकणार नाही साहेब’ हे वाक्य त्या साच्यात कुठे बसतं?

डेव्हिड मॉस यांचा २००१ चा निबंध इथे उपयोगी पडतो. ते स्वतः पश्चिम भारतातल्या भिल्ल भागातल्या एका शेती प्रकल्पात सल्लागार होते. त्यांचं निरीक्षण असं की प्रकल्प काय देऊ शकतो हे लोक ओळखतात आणि आपली गरज त्याच भाषेत सांगायला लागतात. मग प्रकल्प म्हणतो, बघा, लोकांनाही हेच हवंय! जेम्स स्कॉट यांनी १९९० मध्ये मांडलेला फरकही लक्षात ठेवा: सत्तेसमोरचं, चारचौघांतलं बोलणं वेगळं आणि आपापसातलं, आडचं बोलणं वेगळं. ट्रेनिंग पहिल्याला धार लावतं. दुसरं तिथेच राहतं.

हे आडचं बोलणं किती महत्त्वाचं असतं, यासाठी रायगडचा खारपट्टा पुरे. समुद्राकडचे बांध फुटले, खारं पाणी भातशेतीत शिरलं आणि तिथे कांदळ वाढलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कांदळवन तोडता येत नाही. त्यामुळे पर्यटकासाठी जे जंगल, तीच काही शेतकऱ्यांसाठी गेलेली जमीन. आदेश चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण ‘आमचं गाव, आमचं कांदळवन’ या गोष्टीत हा शेतकरी नसेल, तर ‘आमचं’ म्हणजे नक्की कुणाचं?

बोलण्याचे मंचही वेगवेगळे असतात. पर्यटकासमोर गोड बोलावं लागतं. जनसुनावणीत तसं चालत नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार तिथे जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात, चित्रीकरण होतं, लोकांचे आक्षेप लेखी नोंदले जातात. तिथे प्रश्न विचारावा लागतो, नकार द्यावा लागतो आणि तो नीट नोंदला गेला का हे तपासावं लागतं. म्हणून ट्रेनिंगचा कस मी इथे लावेन: शिकलेला माणूस पैसे देणाऱ्या संस्थेसमोर ‘ही लागवड फसली’ असं म्हणू शकतो का?

आता तुमच्यासाठी, म्हणजे रिसर्चची तयारी करणाऱ्यांसाठी. इंटरव्ह्यू देणाऱ्याला ट्रेनिंग मिळालंय का, कुणी दिलं, कुठल्या श्रोत्यांसाठी, हे नोंदवा आणि मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहा. शिकवलेलं बोलणं खोटं नसतं, पण ते ‘गावाचा आवाज’ म्हणून जसंच्या तसं छापू नका. ट्रेनिंग न मिळालेल्यांनाही भेटा. त्याच माणसाशी सभागृहात बोला आणि ओहोटीच्या वेळी खाडीवरही बोला. त्याला ‘प्रकल्पाचा फायदा काय?’ याऐवजी ‘कुठली रोपं मेली?’ असं विचारून बघा.

एक सावधगिरी मात्र हवी. आडचं बोलणं हाती लागलं की थिसिसमध्ये घालायचा मोह होतो. पण गावात त्या वाक्यावरून माणूस लगेच ओळखला जातो, भले तुम्ही नाव बदला. उद्या त्याची होडी, त्याचं प्रकल्पातलं काम त्यामुळे जाऊ शकतं. ते छापायचं की नाही हे त्याला विचारून ठरवा. चारचौघांत काय बोलायचं हे आधी दुसऱ्यांनी ठरवलं होतं. निदान काय झाकायचं हे तरी त्याला ठरवू द्या.