मध्यम नसलेल्या रागात

गाणं शिकायला बसलेल्या मुलाच्या हाती सुरुवातीला जे दोन-तीन राग पडतात, त्यांत भूप हमखास असतो. सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर आणि पाचही शुद्ध. मध्यम-निषाद वर्ज्य, कोमल-तीव्राची भानगड नाही, चलन सरळ. एक छोटा ख्याल, दहा-बारा ताना, परीक्षेत बऱ्यापैकी मार्क, आणि मग मूल ‘पुढच्या’ रागांकडे वळतं ते भूपाला कायमचा रामराम ठोकूनच. मराठी घरांतून किशोरी आमोणकरांची जी ध्वनिमुद्रिका पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिली, तिच्या एका बाजूला बागेश्री आहे आणि दुसऱ्या बाजूला नेमका हा भूप.

किशोरीताईंना आई मोगूबाई कुर्डीकरांकडून तालीम मिळाली ती जयपूर-अत्रौली घराण्याची. या घराण्याचा दिमाख अनवट रागांचा आणि जोडरागांचा. अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतला गवई ऐकायला जाणारा श्रोता खोकर, बसंती केदार, संपूर्ण मालकंस अशा रागांची अपेक्षा ठेवूनच बैठकीत बसतो. अशा रागात गवयाची निम्मी लढाई रागच लढतो. कुठला राग चाललाय हे ओळखण्यात श्रोता गुंतलेला असतो आणि ओळखल्याचा आनंद गाण्याच्या खात्यावर जमा होतो. भूपात ही सोय नाही. पुढचा स्वर कोणता, हे समोरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. थोर कलावंत कोण, हे मला अनवट रागात तपासावंसं वाटत नाही ते यामुळे. सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीचं तो काय करतो, ते बघावं.

शिवाय भूप दिसतो तितका मोकळाही नाही. हेच पाच स्वर घेऊन धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की देशकार डोकावतो. पंचमावरून गंधारावर लांब मींडेनं उतरलात की वाटेत न उच्चारलेल्या तीव्र मध्यमाची सावली पडते आणि शुद्ध कल्याणाची हद्द लागते. विद्यार्थ्याला यातलं काही सांगावं लागत नाही, कारण तो एकेका स्वरावर सरळ पाय ठेवत जातो आणि दोन स्वरांच्या मधल्या जागेत कधी शिरतच नाही. किशोरीताईंचं गाणं राहतं ते त्या मधल्या जागेत.

त्या ध्वनिमुद्रिकेतल्या भूपाचा विलंबित त्रितालातला ख्याल ऐकावा. त्याच्या शब्दांचा आशय एवढाच की आधी सूर साधावा. म्हणजे नवशिक्याला केलेला उपदेश, नवशिक्याच्या रागात. एरवी बंदिशीचे शब्द गवयाला खुंटीसारखे असतात, त्यांना आलाप टांगायचा आणि पुढे जायचं. इथे गाणारी त्या शब्दांचं ऐकते. गंधार हा भूपाचा वादी स्वर, त्यामुळे तो पुन्हापुन्हा येणार यात नवल नाही. नवल आहे ते त्याच्यापाशी येण्यात. कधी किशोरीताई ऋषभावर इतक्या थांबतात की गंधार लागण्याआधीच तो ऐकणाऱ्याच्या कानात वाजू लागतो. कधी पंचमावरून खाली येताना मींड शेवटच्या क्षणी आवरतात, मध्यमाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आत न शिरता. दर वेळी स्वर तोच, स्थानही तेच, पण तो उजळतो वेगळ्या बाजूनं. आवर्तन संपत आलेलं असतं, सम समोर दिसत असते, आणि त्या समेवर येतात ते घाई झाल्यासारखं अजिबात न वाटू देता. हा हिशेब जयपूरचा. मात्रेमात्रेचा जमाखर्च ठेवणारी ती तालीम इथे दिसत नाही, पण तिच्यावाचून एवढं सैल गाता आलं नसतं.

या सैलपणावरच जुन्या जाणकारांचा रोष होता. जयपूरचं गाणं म्हणजे लयीला घट्ट बिलगलेला आकार, आलापापासूनच चालू झालेली बांधेसूद गती, पेचदार ताना. मोगूबाईंचं गाणं ऐकलं की हे सगळं लखलखीत दिसतं. मुलीनं त्यात संथ, स्वराला कवटाळणारा आलाप आणला. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही त्या शिकल्या होत्या. त्या घराण्याची मींड त्यांच्या गळ्यात कशी उतरली, ते या भूपात कळतं. आक्षेप मला खोटा वाटत नाही. आईच्या गाण्यातली काही वीण मुलीच्या गाण्यात उसवली, हे खरंच आहे. पण उसवली ती अजाणतेपणी नव्हे. कुठला टाका सोडायचा हे ठाऊक असलेल्या हातानं.

ऐन उमेदीत काही काळ त्यांचा आवाज गेला होता. या मौनातूनच हा आलाप जन्मला, असं लिहायला छान वाटतं. मला असे दुवे चटकन जोडवत नाहीत. आवाज पुष्कळांचा जातो. तसंच त्यांच्या लहरीपणाचं. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत ताटकळत ठेवलेले श्रोते, आयोजकांशी उडालेले खटके, यांच्या गोष्टी सांगणारे महाराष्ट्रात इतके आहेत की तेवढ्या सगळ्यांनी हा भूप लक्ष देऊन ऐकला असेल का, अशी शंका येते. पाचच स्वरांचा राग गायचा आणि त्यांतल्या प्रत्येकाला इतक्या बाजूंनी उजळायचं, तर तानपुऱ्यात केसभरही खोट चालणार नाही. तिथे लहर कुठली? तो कामाचाच भाग.

‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात किशोरीताईंनी राग आणि रस यांचं नातं मांडलं. रागाला स्वतःची अशी भावावस्था असते आणि गाणाऱ्यानं तिच्यापर्यंत पोचायचं असतं, असा त्यांचा आग्रह. सिद्धान्त म्हणून तो मला पुरता पटत नाही, आणि याला जबाबदार त्यांचाच भूप. विलंबितात हा राग ध्यानाला बसल्यासारखा गंभीर आहे. त्याच बैठकीत, त्याच पाच स्वरांत, द्रुत ‘सहेला रे’ सुरू होतं आणि राग खेळायला बाहेर पडतो. सख्याला एकत्र गायला बोलावणारी ही बंदीश. हाकेतला ‘रे’ त्या लांबवतात तो कुणीतरी ओ देईल अशा बेतानं, आणि ओ न आल्यासारखा मुखडा पुन्हा येतो, आधीच्यापेक्षा किंचित अधीर. आर्जव, लाड, थोडा रुसवा. यातली कुठली भावावस्था रागाची आणि कुठली गाणारीची, हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही. त्यांना सिद्धान्तात हवी असलेली एकच भावावस्था त्यांच्या गळ्यानं स्वीकारली नाही, आणि श्रोता म्हणून मी गळ्याच्या बाजूचा.

द्रुतातल्या ताना मात्र मला अधूनमधून रिवाज पाळल्यासारख्या वाटतात. तयारी चोख आहे, दाणा स्वच्छ आहे, पण विलंबितात ज्या बाईनं एका गंधारासाठी अख्खं आवर्तन खर्ची घातलं, तिला इतके स्वर एकदम उधळायची हौस असेल असं वाटत नाही. तानेतून मुखड्यावर परतताना आवाज पुन्हा मऊ होतो, आणि गाणं घरी आलं असं वाटतं.

या भूपाची नक्कल अफाट झाली. शब्दाआधीचा तो क्षणभर अडखळल्यासारखा श्वास, स्वराला खालून लावलेला हात, मध्येच विरघळणारा आवाज, हे सगळं उचलता येतं आणि कित्येकांनी उचललंही. स्पर्धांतून, मैफलींतून ‘सहेला रे’ या सगळ्या हरकतींसकट ऐकायला मिळतं. पण नकलेत पंचमावरून निघालेली मींड बहुतेकदा थेट शुद्ध कल्याणात जाऊन पडते. गाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, आणि समोर बसलेले आपण मान डोलावून दाद देत असतो.