सम हरवते, लय नाही : झुबिन मेहतांचे ‘वसंतविधी’

आत्ता ऐकलेत ते इगोर स्ट्राविन्स्की यांचे ‘द राइट ऑफ स्प्रिंग’. आम्ही त्याला ‘वसंतविधी’ म्हणतो. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक वाजवते आहे, संचालन मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचे, ध्वनिमुद्रण १९६९ चे, डेक्का कंपनीचे. मागून कुणी तरी विचारलेत, “सर, यात ताल कुठे आहे?” विचारलेत ते बरे केलेत.

आपला कान समेची वाट पाहतो. सुरुवातीच्या भागात तंतुवाद्ये एकच रांगडा स्वरसमूह एकसारख्या ठोक्यात वाजवत राहतात. ठोका जात्याच्या फेऱ्यासारखा सरळ. जनाबाईंच्या गावात तो समजावून सांगायला नको. पण आठ हॉर्न भलत्याच जागी जोर देतात. म्हणजे लय शाबूत आहे, सम मात्र हाती लागत नाही. मेहता वेग धरतात, तरी एकही ठोका पुसट होत नाही. म्हणूनच आम्ही हे ध्वनिमुद्रण आणले.

आता कथा. वसंत यावा म्हणून टोळी एक मुलगी निवडते आणि ती मरेपर्यंत नाचते. १९१३ साली पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा गोंधळ उडाला होता. नेपथ्य आणि पोशाख निकोलस रोरिक यांचे. हेच गृहस्थ पुढे कुलूच्या खोऱ्यात येऊन राहिले, असो. अडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये आरोप केला की हे संगीत बळी जाणाऱ्या मुलीच्या नव्हे, टोळीच्या बाजूने उभे राहते. आरोप हलका नाही. तळ्याला पाणी लागावे म्हणून सुनेचा बळी दिल्याच्या कथा आपल्याकडेही आहेत. पण आपल्या बाया त्या गाताना रडतात. इथे रडणारे कुणी नाही. मुलगी निवडली गेली की अकरा सारखे, बधिर ठोके पडतात, बस्स.

तरी आम्ही अडोर्नोंशी पूर्ण सहमत नाही. पहिल्या भागात ठोका सरळ होता, तो टोळीचा. शेवटच्या नाचात मात्र मोजणीच मोडते. दोन, तीन, पाच अशा मात्रा कशाही येतात. धाप लागलेले पाय अडखळावेत तसे. करुणा असलीच तर ती तिथे आहे, सुरात शोधू नका.

आणि नेमकी इथेच मेहतांविषयी आमची तक्रार आहे. वय तेव्हा ३३, हात तयार, वाद्यवृंद तल्लख. त्यामुळे अडखळणेसुद्धा सफाईने वाजते. ऐकताना मुलगी दिसत नाही, संचालक दिसतो! टाळी आपोआप पडते. मघाशी तुम्हीही वाजवलीत, आम्हीही.

शेवटची चार-साडेचार मिनिटे पुन्हा लावू. या वेळी टाळी नको. पाय कुठे अडखळतात तेवढे ऐका.