'पहेली'तला नवरा कुठं गेला?

मागच्या वेळी लोककथा रंगमंचावर आली की तिचं काय होतं ते आपण पाहिलं. आज पडद्याकडे वळू आणि एकच सिनेमा घेऊ, अमोल पालेकरांचा 'पहेली'. २४ जून २००५ ला तो लागला. शाहरुख खान, राणी मुखर्जी, जुही चावला, सुनील शेट्टी, अनुपम खेर, आणि मेंढपाळ म्हणून थोड्या वेळापुरते अमिताभ बच्चन. इतकंच काय, गोष्ट सांगणाऱ्या दोन कठपुतळ्यांनासुद्धा आवाज नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे! म्हणजे लाकडाच्या बाहुल्याही स्टारच. (हशा)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. व्यापाऱ्याचा मुलगा किशनलाल लच्छीशी लग्न करतो. पहिल्या रात्री वही उघडून हिशेब करत बसतो आणि सकाळी उठून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. लग्नाहून परतताना वाटेत एका भुतानं लच्छीला पाहिलेलं असतं. ते भूत किशनलालचं रूप घेऊन घरी येतं. बाप खूश, घर खूश. पण लच्छीला मात्र ते खरं सांगून टाकतं. ती विचार करते आणि त्याला ठेवून घेते. काही वर्षांनी खरा नवरा परत येतो. आता दोघांतला खरा कोण?

या सिनेमावर लोकांचं कधी एकमत झालंच नाही. काहींना तो फार संथ वाटला. शाहरुखचा पिक्चर म्हणून टॉकीजात गेलेल्यांना राजस्थानी बाहुल्यांचा खेळ मिळाला, तर त्यांचं असं होणारच. काहींना तो डोळ्यांची मेजवानी वाटला. उरलेल्यांचा राग नेमका त्या मेजवानीवरच होता. इतकी झुळझुळीत ओढणी, इतका लखलखीत वाडा, असं वाळवंट असतं का कुठं? त्यात भारतातर्फे ऑस्करला हाच सिनेमा गेला. नामांकन मिळालं नाही, त्यामुळे भांडणाला आणखी फोडणी बसली.

सजावटीबद्दलची तक्रार मला तितकीशी पटत नाही. पालेकर जे. जे.त शिकलेले चित्रकार. रवी के. चंद्रन यांच्यासारखा छायालेखक हाताशी आहे आणि गोष्ट भुताची आहे. मग वाळवंट पिवळंधमक दिसलं तर बिघडलं काय? आजी गोष्ट सांगायची तेव्हा राजाचा महाल कर्ज काढून बांधलेला नसायचा. संथपणाचंही तेच. पहिल्या रात्रीचा तो हिशेबाचा प्रसंग संथ आहे म्हणूनच बोचतो. उंटांच्या शर्यतीचा भाग मात्र लांबला, हे मान्य.

माझं भांडण आहे शेवटाशी. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

मूळ कथा विजयदान देथांची, 'दुविधा'. देथांनी आयुष्यभर राजस्थानी लोककथा ऐकल्या आणि आपल्या पद्धतीनं नव्यानं लिहिल्या. हबीब तन्वीरांचं 'चरणदास चोर' त्यांच्याच कथेवरचं. तन्वीर आपल्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, हे नागपुरात वेगळं सांगायला नको. त्या नाटकात नायक शेवटी मारला जातो. छत्तीसगढी कलावंतांनी ते नाटक गावोगाव केलं, परदेशात केलं, आणि लोकांनी तो मृत्यू पचवला. कुणी म्हटलं नाही की चोराला जिवंत करा.

'दुविधा'वर १९७३ मध्ये मणी कौल यांनीही सिनेमा केला. कथेत काय आणि कौलांच्या सिनेमात काय, मेंढपाळ भुताला युक्तीनं चामड्याच्या पखालीत कोंडतो आणि लच्छीच्या वाट्याला उरतो तो हिशेब करणारा नवरा. जिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुझी मर्जी काय म्हणून विचारलं, तिची मर्जी पखालीत बांधून फेकून दिली. पालेकर आणि पटकथा लिहिणाऱ्या संध्या गोखले यांनी हे बदललं. भूत पखालीतून सुटतं, किशनलालच्या शरीरात शिरतं आणि लच्छीकडे परत येतं. तिला तिचा माणूस मिळतो.

यावर दोन बाजू पडल्या. एक म्हणते, परीकथा अशीच संपायला हवी, बाईच्या नशिबी दर वेळी रडणंच का? दुसरी म्हणते, व्यवसायासाठी गोष्ट गोड केली. पहिल्या बाजूचं म्हणणं मला खरं तर पटतं. लच्छीला जिंकवायचं ठरवलं, यात काही कमी प्रतीचं नाही.

पण मग किशनलालचं काय झालं हो? तो जिवंत माणूस होता. बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा, कंटाळवाणा, पण गुन्हेगार नव्हे. त्याच्या शरीरात दुसराच कुणी राहायला आला. तो मेला का? आत कुठं दाबला गेला? सिनेमा विचारत नाही. त्याची आई रडत नाही, कारण तिला कळतच नाही. आणि प्रेक्षकालाही कळत नाही, माझा मुद्दा हा आहे. कारण जो गेला तो शाहरुख आणि जो राहिला तोही शाहरुख. पडद्यावरून काहीच कमी झालं नाही!

तुम्ही म्हणाल, कौलांकडेही रवी मेनननं दोन्ही भूमिका केल्या होत्या. बरोबर. पण रवी मेननसाठी आपण तिकीट काढलेलं नसतं. तिथं दोन सारखे चेहरे ही लच्छीची अडचण असते. 'पहेली'त तो चेहरा आपल्या ओळखीचा, लाडका, त्यामुळे तिची अडचण आपल्यापर्यंत येतच नाही. कोणताही शाहरुख तिला मिळाला की आपण सुटलो. त्या दिवशी टॉकीजातून समाधानानं बाहेर पडलेला आणि काहीतरी चुकलंय म्हणत बाहेर पडलेला, दोघांच्याही प्रतिक्रियेचं मूळ मला इथं दिसतं.

पालेकरांना हे जमत नव्हतं असं नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००३ मध्ये, त्यांनी मराठीत 'अनाहत' केला. तिथंही बाईच्या इच्छेचीच गोष्ट आहे. वारस हवा म्हणून राणीला एका रात्रीसाठी परपुरुष निवडावा लागतो. राणी सोनाली बेंद्रे, राजा अनंत नाग. राणी त्या रात्रीनंतर बदलून परत येते, तिला स्वतःचं सुख कळलेलं असतं, आणि सिनेमा तिच्या बाजूनं उभा राहतो. पण रात्रभर जळणारा राजाही आपल्याला दिसतो. त्याचा चेहरा वेगळा आहे, म्हणून त्याचं दुःख वेगळं उरतं. तिला मिळालं त्याची किंमत कुणी मोजली, ते लपत नाही.

'पहेली'चा शेवट बदलायचाच होता तर बदलावा. भूत परत आलं तरी हरकत नाही. फक्त लच्छीनं एकदा त्याला विचारायला हवं होतं की तो कुठं आहे. जिला भुतानं खरं सांगितलं म्हणून ते आवडलं, ती हा प्रश्न न विचारता त्याच्या मिठीत जाईल, हे मला अजून पटलेलं नाही.

बरं, आता तुमच्यातल्या 'पहेली' आवडणाऱ्यांनी बोलावं. माइक मागं द्या जरा.