भंडाऱ्याला गोडसे भटजी मिळाले नाहीत

झाशीचे गंगाधरराव 21 नोव्हेंबर 1853 रोजी वारले आणि नागपूरचे तिसरे रघुजी भोसले त्याच वर्षी 11 डिसेंबरला. दोघांनाही औरस पुत्र नव्हता, आणि दोन्ही राज्ये डलहौसीने 1854 मध्ये खालसा केली. पुढे उठावाच्या धामधुमीत झाशीतली माणसे कशी राहत होती हे मराठी वाचकाला ठाऊक आहे, कारण तिथे वरसईचे विष्णुभट गोडसे पोचले होते. नागपूरच्या राज्यातल्या भंडाऱ्यात असे कोणी आले नाही. निदान आलेल्याने लिहिलेले आपल्या हाती नाही.

‘माझा प्रवास’ हे पुस्तक भाबडेपणाने वाचण्याचे नव्हे. ते घटनांनंतर पाव शतकाने लिहिले गेले. 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापले तेव्हा त्यावर त्यांचा हात फिरला होता. मुळाबरहुकूम पाठ वाचकांपुढे यायला दत्तो वामन पोतदारांची 1966 ची आवृत्ती यावी लागली. शिवाय भटजींची नजर भिक्षुकाची. कुठे किती दक्षिणा मिळेल याचा हिशेब त्यांच्या डोक्यातून जात नाही. मला तर हा हिशेबच पुस्तकाचे बळ वाटते. इंग्रजी फौज जवळ येत असताना झाशीच्या वाड्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू थाटात होते, हे सांगावेसे वाटायला असाच माणूस लागतो. इतिहासकाराने ते तपशील म्हणून गाळले असते.

भंडाऱ्यासाठी आपल्याजवळ आहेत ते साहेबांचे कागद. जेन्किन्सचा नागपूर राज्यावरचा 1827 चा अहवाल आणि रसेलने संपादलेले 1908 चे जिल्हा गॅझेटियर. दोन्ही मेहनतीने केलेली कामे आहेत, हे मान्यच. पण एक खालसाच्या बराच आधीचा आणि दुसरे अर्ध्या शतकानंतरचे. मधली वर्षे त्यांच्या फटीतून निसटतात. गॅझेटियरमध्ये भंडाऱ्याची पितळी भांडी सापडतात, पवनी, मोहाडी, आंधळगावचे रेशीमकाठी कापड सापडते, तळी बांधणारे कोहळी सापडतात. प्रत्येक जण आपापल्या खणात. कोष्टी कासाराकडून भांडे घेताना दिसत नाही. गावाच्या चित्राला आणखी एक रंग चढला आहे. मराठी अमलात पाटलाकडे गाव थोड्या मुदतीच्या मक्त्याने असे. इंग्रजांनी 1860 नंतरच्या बंदोबस्तात त्याला मालगुजार म्हणून मालकी दिली. जुन्या गावाचे वर्णन ही मालकी देणाऱ्या सरकारच्या दप्तरातून येते, म्हणून ‘पूर्वी अंदाधुंदी होती’ हा सूर जपून ऐकावा.

आपल्या लोकांनी काय केले? या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (1934) अजूनही हाताशी ठेवावा असा ग्रंथ, पण त्याचा ओढा राजे, दरबार आणि लढायांकडे. त्यानंतरच्या स्थानिक लेखनात ‘सत्तावनात आमचा हुतात्मा कोण?’ एवढाच शोध दिसतो. 13 जून 1857 चा टाकळीच्या घोडदळाचा बेत नागपुरातच फसला, आणि बांकाबाईने राजघराणे इंग्रजांच्या बाजूला ठेवले. भंडाऱ्यात हुतात्मा मिळाला नाही की लेख तिथेच आटोपतो.

माझे भांडण याच्याशी आहे. भंडाऱ्यासाठी 1854 हे साल काही आकाशातून पडले नव्हते. 1818 नंतर राजा अज्ञान असताना इथे इंग्रजी अंमलदार बसून गेले होते. 1830 पर्यंत मुलूख राजाकडे परतला. म्हणजे ज्याने तरुणपणी साहेबाची कचेरी पाहिली, तोच म्हातारपणी ती पुन्हा पाहत होता. त्याला हा प्रलय वाटला की जुनी ओळख?

आणि दरबार. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कोलकात्याला गेले, हे आपण संतापाने सांगतो. पण जरी-रेशमाच्या काठाची उपरणी, धोतरे आणि पागोटी नेसणारी, बांधणारी, बक्षीस देणारी मंडळीही त्याच दरबाराच्या आश्रयाने होती. त्यांची तैनात आटली तेव्हा पवनीच्या मागावरचे कापड कोणी घेतले, कोणत्या भावाने, किती उधारीवर? याचे उत्तर लढायांच्या यादीत मिळणार नाही. ते सावकाराच्या मोडी वहीत मिळेल, आणि ती वही वाचताना दक्षिणा मोजणाऱ्या भटजींची नजर लागेल.